ख्रिस्ती श्रद्धा, ईशज्ञान आणि कला: विद्यार्थ्यांच्या चिंतनलेखनाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ख्रिस्ती श्रद्धा आणि कला यांच्या संबंधावर विद्यार्थ्यांनी एक चिंतन लिहावे, अशी अपेक्षा अनेक अभ्यासक्रमांत असते; आणि लिहायला बसले की त्याच त्या शंका पुन्हा पुन्हा पुढे येतात. असे लेखन बरीच वर्षे वाचत आणि तपासत आल्यामुळे त्या शंकांची उत्तरे येथे एकत्र केली आहेत. यातील काही उत्तरे नियम म्हणून नव्हे, तर एका वाचकाची आवडनिवड म्हणून घ्यावीत. तसे जेथे आहे तेथे तसे सांगितले आहे.

चिंतन म्हणजे नेमके काय? तो निबंध असतो, प्रवचन असते की साक्ष?

यांपैकी काहीच नाही, पण तिघांचेही थोडे ऋण त्याच्यावर असते. निबंधात माहिती नीट मांडली की काम भागते, प्रवचनात ऐकणाऱ्याला काही पटवायचे असते आणि साक्षीत देवाने आपल्या आयुष्यात काय केले ते सांगायचे असते. चिंतनात एका कलाकृतीसमोर थांबून आपली श्रद्धा, किंवा श्रद्धेविषयीची आपली समजूत, कोठे अडखळली आणि कोठे पुढे सरकली, हे वाचकाला दिसेल असे लिहायचे असते.

सर्वांत जास्त आढळणारा दोष असा की पहिल्या परिच्छेदात एखाद्या चित्राचे नाव येते आणि पुढची तीन पाने धर्मशिक्षणाच्या वर्गात पाठ केलेल्या उत्तरांनी भरतात. चित्राचा परिच्छेद काढून टाकला तरी उरलेल्या मजकुराचे काही बिघडत नसेल, तर चित्राचा उपयोग केवळ दारावरच्या तोरणासारखा झाला, असे समजावे.

विषय केवढा घ्यावा? ‘ख्रिस्ती कलेचे महत्त्व’ असा विषय चालेल का?

चालणार नाही. एक वस्तू घ्या, आणि शक्य असेल तर तिचाही एकच भाग घ्या.

उदाहरण म्हणून सतराव्या शतकात गोव्यात घडलेल्या हस्तिदंती ‘उत्तम मेंढपाळा’च्या मूर्ती घेऊ. त्यांचे नमुने आज जगातील अनेक संग्रहालयांत आहेत. एका उभ्या, खडकाळ डोंगरावर बाल येशू मेंढपाळाच्या वेषात बसलेला असतो. एक मेंढरू खांद्यावर आणि एक मांडीवर असते. एक हात गालाला टेकलेला, पायावर पाय टाकलेला आणि डोळे मिटलेले असतात. खालच्या टप्प्यांवर कारंज्याचे पाणी पिणारी पाखरे आणि चरणारी मेंढरे असतात, आणि अगदी तळाशी, गुहेत, पुस्तक वाचत पहुडलेली मग्दालिया मरीया (येशूची शिष्या) बहुधा असते. सगळी मूर्ती वीतभर, फार तर हातभर उंचीची.

आता या मिटलेल्या डोळ्यांपाशीच थांबा. स्तोत्र १२१ म्हणते की इस्राएलाचा रक्षक झोपत नाही आणि डुलकीही घेत नाही. मग हा मेंढपाळ झोपला आहे की ध्यानात आहे? झोपला असेल तर मेंढरे कोणाच्या भरवशावर चरत आहेत? ध्यानात असेल, तर ही बैठक कारागिराने कोठे पाहिली असेल? ध्यानस्थ बुद्धाशी असलेले तिचे साम्य अभ्यासकांनी नोंदवले आहेच; पण ‘प्रभाव’ हा शब्द लिहून पुढे जाण्यात फारसे काही हाती लागत नाही. जागा राहणारा देव आणि डोळे मिटलेला देव यांतून आपण कोणावर आणि कसा विश्वास ठेवतो, हा प्रश्न त्या मिटलेल्या पापण्यांमुळे उभा राहिला आहे, आणि त्याच्यावर दहा पाने सहज लिहिता येतील.

अशा लेखनासाठी मराठीत पुरेशी सामग्री आहे का? की युरोपातील चित्रे आणि कॅथीड्रलेच घ्यावी लागतात?

सामग्री भरपूर आहे, आणि ती हाताशी असताना विद्यार्थी फ्लॉरेन्स आणि रोमकडे धावतात याचे मला नेहमी नवल वाटते. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’, ना. वा. टिळकांची भजने आणि अभंग, लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’, पंडिता रमाबाईंचे बायबल, आंजेलो द फोन्सेका यांची चित्रे, वसईची उपासना आणि तिची गाणी, आणि जुन्या गोव्यातील लाकडी व हस्तिदंती कोरीव काम, एवढे तरी मराठी वाचकाला सहज गाठता येते. जुन्या गोव्यात सांता मोनिकाच्या मठात ख्रिस्ती कलेचे स्वतंत्र संग्रहालय आहे. ते पूर्वी गोव्यातीलच रायतूरच्या सेमिनरीत, म्हणजे धर्मगुरू घडवणाऱ्या विद्यालयात, होते.

युरोपावर लिहू नये असे मुळीच नाही. मात्र ज्या चित्राची आपण फक्त मोबाइलच्या पडद्यावरची प्रतिमा पाहिली आहे, त्याच्या ‘भव्यतेने भारावून गेलो’ असे लिहू नये.

‘क्रिस्तपुराण’ फार मोठे आणि जुन्या भाषेतले आहे. सुरुवात कोठून करावी?

मोठे आहे हे खरे: सुमारे अकरा हजार ओव्या, पहिल्या भागात जुना करार आणि दुसऱ्या भागात येशूचे चरित्र. इंग्लंडमध्ये जन्मलेले आणि १५७९ मध्ये गोव्यात आलेले स्टीफन्स हे येशूसंघीय (जेझुइट) धर्मगुरू पुढे जन्मभर मुख्यतः दक्षिण गोव्यातील साष्टीच्या परिसरात राहिले. १६१६ मध्ये रायतूर येथे हे पुराण रोमन लिपीत छापले गेले आणि १६१९ मध्ये त्यांचे निधन झाले. त्या पहिल्या आवृत्तीची एकही प्रत आज उपलब्ध नाही. १९०७ साली मंगळूर येथे हस्तलिखितांवरून छापलेली आवृत्ती आधुनिक अभ्यासाचा पाया ठरली. देवनागरीतील आवृत्त्या आता मिळतात.

सुरुवात करायची ती मोठ्याने वाचून. शाळेत ऐकलेली ही ओवी घ्या:

जैसी हरळांमाजि रत्नकिळा ।
कि रत्नांमाजि हिरा निळा ।
तैसी भासांमाजि चोखळा ।
भासा मराठी ॥

मराठीच्या अभिमानाचे वचन म्हणून ही ओवी इतकी वापरली गेली आहे की तिची घडण कोणी पाहतच नाही. पहिले तीन चरण ‘ळा’वर यमक जुळवत चढत जातात आणि चौथा आखूड चरण यमक सोडून खाली उतरतो. ज्ञानेश्वरीपासून चालत आलेली आणि स्टीफन्स गोव्यात येण्याच्या सहाच वर्षे आधी एकनाथांच्या भागवतात पूर्ण बहराला आलेली हीच ओवी आहे. या छंदात तीन चरण विधान वाढवत नेतात आणि चौथ्यावर श्वास थांबतो. मग उत्पत्तीची कथा, देवदूताचा निरोप, क्रूसावरचे मरण हे सारे जेव्हा या छंदातून येते, तेव्हा त्या कथेची चालच बदलते. लॅटिन प्रार्थनेत जे एका दमात म्हटले जाते, ते येथे टप्प्याटप्प्याने, ऐकणाऱ्याला मान डोलवायला अवसर देत येते. एखादाच अवस्वरू, म्हणजे अध्याय, निवडावा आणि चौथ्या चरणांवर काय काय उतरते याची यादी करावी. गेल्या काही वर्षांत वाचलेल्या चांगल्या चिंतनांपैकी एक अशाच यादीतून निघाले होते.

स्टीफन्स यांनी स्वर्गासाठी ‘वैकुंठ’ असा शब्द वापरला आहे. ही धर्माची भेसळ नव्हे का?

हा प्रश्न दरवर्षी येतो, आणि दोन्ही बाजूंनी येतो. काहींना तो ख्रिस्ती शिकवणुकीशी तडजोड वाटतो, तर काहींना हिंदू शब्दाची चोरी. दोन्ही उत्तरे फार लवकर दिलेली असतात.

शब्द म्हणजे डबा आणि अर्थ म्हणजे त्यातला जिन्नस, अशी समजूत या दोन्ही उत्तरांच्या मुळाशी असते. म्हणजे डबा रिकामा करून त्यात दुसरे काही भरता येते, किंवा दुसऱ्याचा डबा पळवता येतो. प्रत्यक्षात ‘वैकुंठ’ म्हणताच ऐकणाऱ्याच्या मनात जे उभे राहते ते पुसता येत नाही. स्टीफन्स यांनी ते पुसलेले नाही. कथेच्या ओघात त्याच्यापुढे नवी माणसे आणि नवे प्रसंग आणून उभे केले आहेत. दुसरीकडे बाप्तिस्म्यासारखे काही शब्द त्यांनी परकेच ठेवले. कोणता शब्द मराठी करायचा आणि कोणता परका ठेवायचा, या निवडीतच त्यांचे ईशज्ञान, म्हणजे देवाविषयीचा विचार, आहे. जेथे अनुभव ओळखीचा आहे तेथे ओळखीचा शब्द आणि जेथे घटना नवी आहे तेथे नवा शब्द, असे त्यांचे धोरण होते का, हे तपासून पाहावे. ते सर्वत्र सुसंगत निघणार नाही, आणि जेथे निघत नाही त्या ओव्या अधिक बोलक्या आहेत.

ज्या काळात गोव्यात देवळे पाडली जात होती, त्या काळातील काव्याचे सौंदर्य वाखाणणे योग्य आहे का?

प्रश्न टाळू नये. साष्टीतील देवळे १५६७ च्या सुमारास पाडली गेली. १५८३ मध्ये कुंकळ्ळी येथे पाच येशूसंघीय आणि त्यांच्यासोबतचे लोक मारले गेले आणि त्यानंतर गावच्या पुढाऱ्यांना असोळणे येथे बोलावून ठार करण्यात आले. गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचे धर्मचौकशी न्यायालय, १५६० पासून होते. हे सारे स्टीफन्स यांच्या आयुष्याच्या आणि वास्तव्याच्या अंगणात घडलेले आहे.

पण ही पार्श्वभूमी प्रस्तावनेत एका वाक्यात नमूद करून बाजूला ठेवणे, ही मला उलट अधिक मोठी चूक वाटते, कारण ती व्यथा खुद्द ग्रंथात आहे. ग्रंथाच्या आरंभी एक नवख्रिस्ती ब्राह्मण पाद्रीगुरूंना विचारतो की आमची पूर्वीची पुराणे तुम्ही बंद केलीत, तर मग आम्हांला वाचायला तशी दुसरी पुराणे का केली नाहीत. मनाई केलेल्या ग्रंथांच्या रिकाम्या जागेतून हे काव्य निघाले आहे, आणि ते तसे सांगते. एखाद्याच्या घरातले बोलणे बंद करून मग त्याच्याच बोलीत त्याच्याशी गोड बोलावे, तसे हे आहे असे कोणी म्हणेल; कोणी म्हणेल की त्या विचारणाऱ्या ब्राह्मणाने आपली गमावलेली गोष्ट, बदललेल्या रूपात का होईना, मागून घेतली. मी दोन्ही बाजूंनी लिहिलेली चांगली चिंतने वाचली आहेत. न चालणारे चिंतन एकच, ज्यात हा ब्राह्मण आलेलाच नसतो.

ना. वा. टिळकांवर लिहायचे तर ‘तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे’ या वाक्याने सुरुवात करावी का?

नको. ते वाक्य इतके वापरून गुळगुळीत झाले आहे की त्यावरून आता पाय घसरतो. शिवाय पूल म्हटले की ओलांडून मागे टाकायची गोष्ट असा अर्थ होतो, आणि टिळकांच्या कवितेत तुकाराम मागे राहिलेला दिसत नाही.

१८६१ साली करजगाव येथे जन्मलेले, १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतलेले आणि पुढे अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, अमेरिकन मराठी मिशनच्या परिवारात राहून ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकासाठी लिहिणारे टिळक भजने रचू लागले, तेव्हा मराठी चर्चांतून इंग्रजी चालींवर बसवलेली भाषांतरित गीते गायली जात. टिळकांनी त्या जागी अभंग आणला. अभंगात भक्त देवाशी भांडतो, रुसतो, त्याला माउली म्हणतो. भाषांतरित गीतात त्याला राजापुढे उभे राहावे लागते. एकच सिद्धांत दोन चालींत गायला की देवाशी असलेले नातेच वेगळे ऐकू येते, हे पाहायचे असेल तर ‘उपासना संगीत’ हा मराठी चर्चांतील गीतसंग्रह उघडून टिळकांचे एक भजन आणि त्याच विषयावरचे एक भाषांतरित गीत शेजारी शेजारी ठेवा आणि दोन्हींत देवाला काय म्हणून हाक मारली आहे तेवढेच मोजा.

टिळकांच्या निसर्गकविता आणि ‘केवढे हे क्रौर्य’ ही शाळेत वाचलेली कविता यांनाही विसरू नये. त्या जखमी पाखराच्या कवितेत ख्रिस्ती शब्द नाही. तरी दुर्बळाच्या वेदनेकडे पाहण्याची त्यांची जी दृष्टी तिच्यात आहे, ती भजनांतही आहे. मात्र ओढूनताणून त्या पक्षिणीचा ख्रिस्त करू नये.

‘स्मृतिचित्रे’ हे आत्मचरित्र आहे. त्यात ईशज्ञान कोठे सापडणार?

स्वयंपाकघरात आणि पाण्याच्या भांड्यात. लक्ष्मीबाई कुठलाही सिद्धांत मांडत नाहीत. पतीने बाप्तिस्मा घेतल्याची बातमी, त्यानंतरची ताटातूट, सोवळ्याओवळ्याचा धाक आणि तो हळूहळू गळून पडणे, हे सारे त्या स्वतःवर हसत सांगतात. त्यांचा स्वतःचा बाप्तिस्मा टिळकांनंतर पाच वर्षांनी, १९०० मध्ये झाला. त्याआधी त्यांनी एक गोष्ट मनाशी निकालात काढली होती, ती म्हणजे जातिभेद देवाने केला की माणसाने. कोणाच्या हातचे पाणी प्यावे, या रोजच्या प्रश्नातून कृपेचा अर्थ त्यांना उलगडला. ‘कृपा’ या शब्दाची व्याख्या देणाऱ्या पुस्तकांपेक्षा हे मला अधिक खात्रीचे वाटते.

विद्यार्थी या पुस्तकातील विनोदाला ‘गमतीदार शैली’ म्हणून सोडून देतात. विनोदाकडे नीट पाहा. जी बाई स्वतःच्या जुन्या कर्मठपणावर न कुढता हसते, तिने पश्चात्तापाचे एक वेगळेच रूप दाखवले आहे. पुढे टिळकांनी अपुरे ठेवलेले ‘ख्रिस्तायन’ हे येशूचे काव्यचरित्र याच, औपचारिक शिक्षण जवळपास नसलेल्या, लक्ष्मीबाईंनी साठाहून अधिक अध्याय रचून पुरे केले. टिळकांचे अध्याय कोठे संपतात आणि लक्ष्मीबाईंचे कोठे सुरू होतात, तो सांधा हा स्वतंत्र विषय होऊ शकतो, आणि त्याच्यावर फारसे कोणी लिहिलेले माझ्या वाचनात नाही.

भाषांतराला कला म्हणता येईल का? पंडिता रमाबाईंच्या बायबलवर लिहायचे आहे.

जरूर लिहा. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून सगळे बायबल मराठीत आणले. १९२२ मध्ये मृत्यूच्या अगदी आधी ते काम संपले आणि १९२४ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध झाला. केडगावच्या मुक्ती मिशनच्या छापखान्यात टंक जुळवण्यापासून बांधणीपर्यंतची कामे तेथील स्त्रिया करीत. त्यांतील कित्येकींना समाजाने अक्षराच्या जवळही येऊ दिले नव्हते. शिशाचे उलटे अक्षर चिमटीत धरून ओळीत बसवणाऱ्या एका बाईचा हात डोळ्यांसमोर आणा: ‘शब्द देही झाला’ हे वाक्य तिने एकेक काना आणि एकेक वेलांटी शोधत, उलट वाचत जुळवले असेल.

येथे स्टीफन्स आणि टिळक यांच्याशी तुलना अटळ आहे. त्या दोघांनी मराठी भक्तीची शब्दसंपत्ती खुल्या हाताने वापरली. संस्कृत पंडित असलेल्या रमाबाईंचा कल मात्र हिंदू तत्त्वज्ञानाच्या छटा असलेले शब्द टाळून सामान्य बाईला कळेल अशी साधी मराठी घडवण्याकडे होता. त्या शब्दांचे वजन ज्या बाईला पाठ होते तिनेच ते बाजूला सारले, यामागे तिचे आयुष्य उभे आहे. कोणता मार्ग बरोबर, याचा निकाल चिंतनात लागलाच पाहिजे असे नाही.

फोन्सेका यांनी मरीयेला साडी का नेसवली? हे केवळ भारतीयीकरण आहे का?

‘भारतीयीकरण’ हा शब्द वापरला की चित्र पाहायचे राहून जाते. १९०२ साली गोव्यातील सांत इस्तेव्ह बेटावर जन्मलेले आंजेलो द फोन्सेका वैद्यकीचे शिक्षण सोडून चित्रकलेकडे वळले, शांतिनिकेतनात अवनींद्रनाथ ठाकूर आणि नंदलाल बोस यांच्या परंपरेत शिकले आणि गोव्यात परतल्यावर सावळी, साडीतली मरीया रंगवल्याबद्दल त्यांनी रोष ओढवून घेतला. मग ते पुण्याला आले आणि ख्रिस्त प्रेम सेवा संघाच्या आश्रमात राहून १९६७ मध्ये मृत्यू येईपर्यंत चित्रे काढत राहिले. त्यांच्या चित्रांचा मोठा संग्रह आज गोव्यात पर्वरीच्या झेवियर इतिहास संशोधन केंद्रात आहे.

रोष कशाचा होता याचा विचार करा. युरोपीय चित्रकारांनी मरीयेला इटालियन आणि फ्लेमिश वस्त्रे नेसवली, तेव्हा ती ‘मूळची’ वाटली. साडी नेसताच ती ‘बदललेली’ वाटली. नासरेथच्या मुलीने या दोहोंपैकी काहीच नेसले नसणार. मग ज्या वस्त्राची सवय झाली तेच पवित्र, असा अर्थ होतो का? फोन्सेका यांच्या चित्रात मरीया सिंहासनावर नसून बहुधा जमिनीच्या जवळ असते, रंग जलरंगासारखे पातळ आणि शांत असतात, आणि पदराच्या काठाची रेघ नजरेला बाळाकडे घेऊन जाते. पदराने बाळाला झाकणारी आई आपण रोज बसस्टँडवर पाहतो. देवाने देह धरला हे विधान त्या पदराइतके जवळ आणल्यावर ते पाहणाऱ्याला सोसवते का, असा प्रश्न ते चित्र विचारते, असे मला वाटते. तुम्हांला वेगळे वाटले तर वेगळे लिहा.

दुसऱ्या आज्ञेत कोरीव मूर्ती करू नये असे सांगितले आहे. मग आमच्या मंडळीतील विद्यार्थ्याने चित्रांवर कसे लिहावे?

हा प्रश्न प्रामुख्याने प्रॉटेस्टंट घरांतून येतो आणि तो रास्त आहे. निर्गमच्या विसाव्या अध्यायात मूर्तीला मनाई आहे. त्याच ग्रंथाच्या एकतिसाव्या अध्यायात बसालेल या कारागिराला सोने, रुपे, पितळ, रत्ने आणि लाकूड यांच्या कामासाठी देवाने आपल्या आत्म्याने भरले, असेही आहे. दोन्ही वाक्ये एकत्र धरावी लागतात. आठव्या शतकात पूर्वेकडील चर्चमध्ये या प्रश्नावरून मोठा कलह झाला. योहान दमास्की यांचा युक्तिवाद असा होता की अदृश्य देवाचे चित्र काढता येत नाही हे खरे, पण जो देही झाला आणि डोळ्यांनी पाहिला गेला त्याचे काढता येते. ७८७ च्या नायसीया येथील दुसऱ्या परिषदेने प्रतिमांचा सन्मान आणि केवळ देवाला द्यायची आराधना यांत भेद केला. सुधारणावादी परंपरांनी तो भेद मान्य केला नाही.

तुमच्या मंडळीत चित्र नसेल तर चित्र नसण्यावर लिहा. अनेक मराठी चर्चांत वेदीमागच्या पांढऱ्या भिंतीवर ‘देव प्रीती आहे’ एवढेच मोठ्या अक्षरांत रंगवलेले असते. ती अक्षरे कोणी रंगवली, त्यांचा रंग कोणता, दर काही वर्षांनी ती पुन्हा गिरवताना ‘प्री’ची वेलांटी कशी बदलत गेली, हे पाहिले आहे का? जेथे प्रतिमेला जागा नाही तेथे अक्षरानेच ती जागा घेतली आहे.

संगीतावर लिहायचे, पण मला स्वरांचे ज्ञान नाही. चालेल का?

चालेल. कान असले की पुरे. ख्रिस्ती कीर्तनाची परंपरा अहमदनगरच्या परिसरात एकोणिसाव्या शतकापासून आहे. कॅथलिक चर्चमध्ये, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये लोकभाषेतील उपासनेला वाट करून दिल्यानंतर, वसईच्या गावांत मराठी मिस्सा (कॅथलिक उपासनाविधी) आणि मराठी गीते रुजली. कोणत्या ओळीला सारी मंडळी आपसूक मोठ्याने गाते आणि कोणत्या ओळीला आवाज खाली जातो, याची नोंद करा. टाळ केव्हा थांबतात तेही लिहा. जमत असेल तर तीन रविवार जा; एका रविवारी ऐकलेले फसवू शकते.

मी ख्रिस्ती नाही. मला लिहिता येईल का?

येईल, आणि पाहुण्याला घरातल्यांपेक्षा काही गोष्टी अधिक स्पष्ट दिसतात. टिळकांनी १९१७ मध्ये ‘देवाचा दरबार’ हा भक्तसमूह सुरू केला, त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले अशा दोघांनाही जागा होती. मात्र ‘सर्व धर्म शेवटी एकच सांगतात’ हे वाक्य लिहायचा मोह आवरावा, कारण त्या वाक्यानंतर पुढे पाहण्यासारखे काही उरत नाही. जे परके वाटले ते परके वाटले असेच लिहा.

माझ्या श्रद्धेबद्दलच मला शंका आहेत. त्या लिहाव्यात का?

लिहाव्यात, पण कलाकृतीच्या निमित्ताने ज्या उभ्या राहिल्या तेवढ्याच. शेवटच्या परिच्छेदात सर्व शंकांचे निरसन झाल्याचे जाहीर करण्याची गरज नाही. त्याने गुण वाढत नाहीत आणि ते खरेही वाटत नाही.

पारिभाषिक शब्द कोणते वापरावेत? क्रूस की वधस्तंभ?

तुमच्या घरात आणि चर्चमध्ये जो शब्द चालतो तो वापरा आणि शेवटपर्यंत तोच ठेवा. कॅथलिक विद्यार्थी ‘क्रूस’, ‘मिस्सा’ आणि ‘धर्मगुरू’ म्हणतील, प्रॉटेस्टंट विद्यार्थी ‘वधस्तंभ’, ‘प्रभुभोजन’ आणि ‘पाळक’ म्हणतील. ‘देहधारण’, ‘त्रैक्य’, ‘तारण’ हे शब्द आले तर त्यांच्या आसपास एखादी डोळ्यांना दिसणारी वस्तू असू द्या. बायबलमधील वचन कोणत्या भाषांतरातून घेतले ते सांगावे. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे ‘सुबोध बायबल’ आणि जुने ‘पवित्र शास्त्र’ यांतील एकच वचन शेजारी ठेवून पाहिले, तर अनेकदा विषयच सापडतो.

चिंतनाऐवजी स्वतःचे चित्र किंवा कविता देता येईल का?

सोबत देता येईल, ऐवजी नाही. आणि सोबतच्या टिपणात ‘यातून मला असे दाखवायचे आहे’ असे लिहिण्यापेक्षा कोठे खोडले, कोणता रंग दोनदा बदलला आणि का, हे लिहावे.

लांबी किती असावी?

जेवढे पाहिले तेवढी.

चर्चमधील वस्तूचे छायाचित्र जोडायचे असल्यास?

धर्मगुरूंना किंवा पाळकांना आधी विचारा, उपासना चालू असताना काढू नका, आणि प्रार्थना करणाऱ्या माणसांचे चेहरे घेऊ नका.

आमच्या गावात ना संग्रहालय आहे, ना जुने चर्च. घरातल्या एखाद्या साध्या वस्तूवर लिहिले तर ती कला मानली जाईल का?

एका विद्यार्थिनीने आजीच्या ‘उपासना संगीत’च्या प्रतीवर लिहिले होते. मुखपृष्ठ नव्हते, पुठ्ठ्याला जुन्या साडीचा तुकडा चिकटवला होता. काही गीतांच्या शेजारी पेन्सिलीने फक्त तारखा होत्या, नावे नव्हती. घरात विचारल्यावर कळले की ज्या दिवशी ज्या गीताने कोणाला तरी मातीत पोचवले, ती तारीख आजीने त्या गीताजवळ लिहून ठेवली होती. एका गीताजवळ चार तारखा होत्या. मुलीने ते गीत पुरते उतरवले, चारही तारखांना कोण गेले ते शोधून काढले आणि प्रत्येक वेळी तेच कडवे म्हणताना आजीने कोणत्या शब्दावर आवाज चढवला असेल याचा अंदाज केला. चौथ्या तारखेपुढे पेन्सिलीची एक लहान रेघ होती, तारीख लिहायला सुरुवात करून सोडून दिल्यासारखी. तिच्याबद्दल तिने काहीही लिहिले नाही. फक्त ती तेथे आहे एवढे सांगितले.